लोडवर टणटणीत, रिकामा बसला की आडवा

ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवण्याबद्दल, आपल्याकडं कुणाशी बी बोला, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्राइम95 रात्रभर चालवलं, एक एरर नाही, एकदम स्टेबल." बरं, प्राइम95 म्हणजे प्रोसेसरला सलग पूर्ण ताण देऊन तपासणारा प्रोग्राम. आणि दोन दिवसांनी हाच गडी सांगतो की क्रोम उघडं ठेवून चहाला गेलो, येऊन बघतो तर पीसी आपोआप रीस्टार्ट होऊन लॉगिनवर येऊन बसलाय. मग लाईटला शिव्या, विंडोजला शिव्या, रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवणं. लाईट तर आपल्याकडं कायमचाच आरोपी, त्यामुळं खरा चोर आरामात सुटतो. आणि तो बऱ्याचदा लोडमध्ये, म्हणजे भरपूर काम चालू असताना, नसतोच, प्रोसेसर रिकामा बसलेला असताना पॉवर सेव्हिंगची जी उठबस चालू असते ना, त्यात असतो.

काय होतं ते आधी नीट सांगतो, कारण "सी-स्टेट बंद कर" हे सगळ्यांना पाठ आहे पण बंद करून काय बंद होतं ते विचारलं की गप्प. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे काम कमी असलं की स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणणं, इंटेलचं स्पीडस्टेप, एएमडीचं कूल अँड क्वाएट, हे पी-स्टेट. दुसरं म्हणजे कामच नसलं की कोरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका काम करणाऱ्या भागाला, झोपवणं, हे सी-स्टेट. सी1 म्हणजे नुसता डोळा लागलाय, सी1ई मध्ये त्याबरोबर मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्यानं गुणून स्पीड ठरते तो) आणि व्होल्टेज पण खाली, आणि सी6 म्हणजे कोरची सगळी माहिती बाजूला काढून ठेवून त्याची वीजच कापायची. डेस्कटॉपवर हा कोरची वीज कापायचा प्रकार इंटेलच्या 2008 च्या नेहेलम पिढीपासून आला. आणि हे काय तासातासानं होत नाही बरं का, नुसतं माऊस हलवलं तरी सेकंदाला शेकडो वेळा कोर झोपतो, उठतो, पळतो, परत झोपतो.

आता प्राइम95 मध्ये काय होतं? सगळे कोर एका लयीत पळतात, व्होल्टेज एका जागी येऊन स्थिर होतो, गरमी वाढते आणि टेस्ट त्या एकाच अवस्थेची होते. झोपेतून उठून एकदम वरच्या स्पीडला जायची टेस्ट होतच नाही. घरी बोअरची मोटर सुरू केली की बल्ब क्षणभर मंद होतो आणि मग सावरतो, तसंच कोर उठला की व्होल्टेजला क्षणभर गचका बसतो. कंपनीच्या सेटिंगवर त्या गचक्यासाठी मार्जिन ठेवलेलं असतं, आणि आपण ओव्हरक्लॉक करतो म्हणजे करतो काय, तर तेच मार्जिन खातो.

मग त्या गचक्यावर उपाय म्हणून लोक एलएलसी, म्हणजे लोड लाईन कॅलिब्रेशन, लोड आल्यावर व्होल्टेज पडू न देणारं बोर्डाचं सेटिंग, थेट एक्स्ट्रीमला नेऊन ठेवतात. (काही बोर्डांवर लेव्हल 1 म्हणजे सगळ्यात कडक आणि काहींवर सगळ्यात ढिलं, हे कुणी ठरवलं देव जाणे, मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.) एलएलसीनं लोडवरचा व्होल्टेज सरळ दिसतो, सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडा हलत नाही, मन खूश. पण लोड एकदम सुटला की व्होल्टेज वर उसळतो आणि एकदम आला की खाली आपटतो, आणि हे इतकं पटकन होतं की कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मी तरी मधल्या लेव्हलच्या वर जात नाही.

"सगळं ऑफ कर" हा सल्ला आला कुठून, तर तो जुन्या काळाचा आहे आणि त्या काळी बरोबरच होता. इंटेलचा क्यू6600 प्रोसेसर आठवतोय? 266 ची एफएसबी (त्या काळचा बेस क्लॉक), 9 चा मल्टिप्लायर, 2.4 गिगाहर्ट्झ. लोक एफएसबी 400 करून 3.6 काढायचे. आता स्पीडस्टेपला यातलं काय माहिती, त्याला इतकंच कळतं की काम नाही तर मल्टिप्लायर 6 वर आणा. 400 गुणिले 6 म्हणजे 2400. म्हणजे आराम करतानाची स्पीडच मुळात कंपनीच्या फुल स्पीडएवढी आणि व्होल्टेज मागायलाय आरामाचा! मग लटकणार नाही तर काय. त्या पिढीला सी1ई आणि स्पीडस्टेप बंद करणं हाच शहाणपणा होता. पण 2011 मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली, ओव्हरक्लॉकिंग मल्टिप्लायरवर गेलं, बेस क्लॉक 100 वरून हलेनाच, आणि त्यातला 2500के कितीही वर ओढला तरी आयडलला निवांत 1600 वर येऊन बसायचा. दुखणं गेलं, औषध मात्र आजवर चालू आहे.

सँडी ब्रिजला वेगळं दुखणं होतं, ते ऑफसेट व्होल्टेजचं. ऑफसेट म्हणजे प्रोसेसर स्वतः जेवढा व्होल्टेज मागेल त्यात इतकं वाढव किंवा इतकं कमी कर. लोकांनी एलएलसी वाढवलं, त्यानं लोडवरचा व्होल्टेज जास्त व्हायला लागला म्हणून ऑफसेट मायनस केला. लोडवर हिशोब जमला. पण तोच मायनस 1600 वर पण लागू होतो, जिथं आधीच काटकसर चालू आहे. मग 4.5 वर तास न् तास रेंडर करणारा पीसी डेस्कटॉपवर नुसतं बसून निळा पडायचा, म्हणजे निळी एरर स्क्रीन यायची. म्हणून काही बोर्डांवर फक्त टर्बोला, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या वरच्या स्पीडला, वाढीव व्होल्टेज देणारं वेगळं सेटिंग होतं आणि पुढं इंटेलच्या हॅसवेल पिढीला अॅडॅप्टिव्ह मोड आला, दोघांचा उद्देश एकच, वरचं वर बघा, खालच्याला हात लावू नका.

आणि हे जुनं पुराण झालं असं वाटत असेल तर आमच्या दाजींचं ऐका. दाजींचा बीड जिल्ह्यात फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग, मिक्सिंग, अल्बम. मशीन एएमडीचं रायझन 5 5600एक्स. कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्यांनी कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे एकेका कोरचा व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग, सगळ्या कोरला मायनस 30 करून टाकला, टेम्परेचर कमी झालं, रेंडर जलद व्हायला लागलं, गडी खूश. लग्नसराईत रात्र रात्र रेंडर चालायचं, एकदा बी अडकलं नाही. पण दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, अल्बमचे फोटो दाखवता दाखवता पीसी बंद. फोन आला, "अरे हे काय व्हायलंय बघ बरं, काम करताना काहीच होईना, नुसतं फोटो बघायलाव तर बंद पडायलंय, लाईटचा प्रॉब्लेम असंल का?" म्हटलं दाजी, लाईटचा असता तर रात्री रेंडरमध्ये पण पडला असता, तुम्ही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची एरर-नोंदवही, उघडा. कर्नल-पॉवर 41, म्हणजे पीसी नीट बंद न होता पडल्याची नोंद, होतंच, ते तर प्लग काढला तरी येतं, त्यावरून काय कळत नाही. पण त्याच्या जोडीला डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी 18 बसलेला. हा आला की समजायचं की प्रोसेसरनं स्वतः तक्रार केलीय. त्यात एपीआयसी आयडी पण असतो, त्यावरून कोणता कोर रडायलाय याचा अंदाज येतो.

झालं होतं असं की कर्व्हचा एकेक आकडा साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टचा, म्हणजे मायनस 30 म्हणजे 90 ते 150 मिलिव्होल्ट कमी. सगळे सहा कोर राबतात तेव्हा पॉवरच्या मर्यादेमुळं स्पीडच खाली असते, तिथं एवढी कपात पचते. पण फोटो बघताना एकच कोर झोपेतून उठतो आणि थेट 4.6 ला जातो, कपात खरी बोचते ती तिथं. त्यात गंमत म्हणजे एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये स्टार दिलेले जे चांगले कोर असतात तेच बहुतेक वेळा आधी पडतात, कारण ते मुळातच कमी व्होल्टेजवर चालवलेले असतात आणि हलकं काम पण त्यांनाच मिळतं. दाजींचे दोन स्टारवाले कोर मायनस 8 वर आणले, बाकीचे मायनस 20 वर, आणि मशीन गप्प कामाला लागलं. सी-स्टेटला हात पण लावला नाही.

दाजींचं म्हणणं होतं ग्लोबल सी-स्टेट बंदच करून टाकू, कटकट नको. तसं करून रीस्टार्ट थांबलेही असते कदाचित, पण मला ते पटत नाही. एक तर टर्बोचं गणितच त्यावर उभं आहे, म्हणजे इंटेलचा 8700के घ्या, एका कोरला 4.7 आणि सगळे मिळून 4.3, तर तो 4.7 मिळतो कधी, जेव्हा बाकीचे कोर गाढ झोपलेले असतात. झोपच बंद केली तर वरची स्पीड गेली. सगळ्या कोरला एकच फिक्स स्पीड देणाऱ्यानं हे सोडून द्यावं, त्याला फरक पडत नाही. दुसरं म्हणजे आपला मुलूख. परभणी-नांदेडला मे महिन्यात 42-43 डिग्री बाहेर, खोलीत कूलर लावला तरी 33-34, आणि लाईट गेली की सगळं यूपीएसवर. आयडलचे जेवढे वॅट वाचले तेवढी फाईल सेव्ह करायला मिनिटं जास्त.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर, डिसेंबरात जमवलेलं ओव्हरक्लॉक मेमध्ये टिकेल असं धरून चालू नका. पॉवर स्पीडच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, स्पीड 10 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के वाढवला की 1.1 चा घन, म्हणजे खप 33 टक्के जास्त, आणि खोली 15 डिग्री तापली की प्रोसेसर पण साधारण तेवढाच वर. शिवाय गरम सिलिकॉन गळती जास्त करतं. लोडवरचं क्रॅश उन्हाळ्यात वाढतं, आयडलचं मात्र बाराही महिने सारखंच छळतं, हा पण एक ओळखायचा मार्ग.

एक प्रकार असा की प्रोसेसरचा काही दोष नसतो, पॉवर सप्लायचा असतो. 2013 ला हॅसवेल आला तेव्हा इंटेलनं सी6-सी7 साठी सांगितलं की 12 व्होल्टच्या प्रोसेसर लाईनवर अगदी 0.05 अँपियर ओढला तरी सप्लाय टिकला पाहिजे, आधी किमान 0.5 धरायचे. स्वस्तातल्या जुन्या सप्लायला इतका कमी लोड झेपत नाही, व्होल्टेज भरकटतो आणि तो स्वतःच बंद होतो. रायझनच्या बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" असतं ते यासाठीच, ते "टिपिकल करंट आयडल" करून बघा. त्यानं थांबलं तर सप्लाय बदला, व्होल्टेजशी खेळत बसू नका.

आणि ओळख पटवायला सी-स्टेट जरूर बंद करा, पण ओळख पटवायलाच. बंद केल्यावर रीस्टार्ट थांबले म्हणजे कळलं की झोप-उठमध्ये गडबड आहे, मग परत चालू करून व्होल्टेज थोडा थोडा वाढवा. टेस्टला प्राइम असू द्या, जोडीला कोअरसायकलर लावा, तो एकेका कोरला एकट्याला पळवतो. त्यानंतर पीसी काहीही न करता संध्याकाळभर नुसता चालू ठेवा, मधेच व्हिडिओ लावा, बंद करा.

शेवटी स्लीपमध्ये टाकून उठवून बघा, हे कुणीच करत नाही. सँडी ब्रिजच्या सुरुवातीच्या बोर्डांवर जास्त स्पीडसाठी इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज नावाचं सेटिंग चालू केलं की पीसी स्लीपमधून उठायचाच नाही, फॅन फिरायचा आणि स्क्रीन काळी. तुमच्याकडं अजून तसलं मशीन असंल तर ते सेटिंग आधी बघा, पंधरा वर्षं जुनं झालंय पण 2500के वापरणारे आपल्याकडं कमी नाहीत.