मर्ज करायचं का?

माझ्या फोनात तीन बेळगाव आहेत. एक जुन्या इंग्रजी स्पेलिंगचं 'बेलगाम', एक 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर आलेलं 'बेळगावी', आणि एक मी हौसेनं मराठीत टाईप केलेलं बेळगाव. त्यामुळं कारखान्याला मोल्डिंगची वाळू पुरवणारा एकच माणूस माझ्याकडं तीन जागी बसलेला असतो. एका नावापुढं त्याचा मोबाइल, दुसऱ्यापुढं 0831 वाला दुकानाचा नंबर, तिसऱ्यापुढं नुसता ईमेल. फोनला हे बघवत नाही. अधूनमधून तो विचारतो, मर्ज करायचं का?

मर्ज म्हणजे विलीन. सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न इतक्या सहज विचारायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार. आमच्याकडं तो 1956 पासून विचारला जातोय, आणि 2004 पासून तर सर्वोच्च न्यायालयात आहे. मी 'नको' दाबतो आणि जेवायला बसतो.

हा पसारा शिनोळीत सुरू झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लागायच्या आधी मी शिनोळीच्या एका कारखान्यात होतो. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. डबा कर्नाटकात भरायचा आणि महाराष्ट्रात उघडायचा, भाजीला त्याचं काही वाटायचं नाही. फोनला मात्र वाटायचं. हद्द ओलांडली की रोमिंग. म्हणून आम्ही सगळे दोन सिम बाळगायचो, आणि इकडच्या सिमवरून तिकडच्या मोबाइलला लावायचा तर आधी शून्य. मग एकच माणूस एकदा शून्य लावून, एकदा न लावता. त्यात सिमवर जागा ती केवढी! अडीचशे नावं भरली की संपलं, आणि नावही आखडून लिहायचं. आमचा फोरमन कित्येक वर्षं माझ्याकडं 'फोरम' म्हणूनच होता.

पुढं स्मार्टफोन आला आणि मला वाटलं, आता सगळं आपोआप वर ढगात जाणार. तसं होत नाही. सिमवर ठेवलेलं नाव सिमवरच राहतं, 'फोन' म्हणून ठेवलेलं त्या फोनातच. अकाउंटवर ठेवलेलं तेवढंच कॉम्प्युटरवर आणि वेबमेलवर दिसतं. नंबर सेव्ह करताना फोन हे विचारतो, पण त्या वेळी आपण एका हातानं गाडी धरून उभे असतो आणि मागचा हॉर्न वाजवत असतो. अंगठ्याखाली येईल ते दाबायचं.

ईमेलचं दुखणं वेगळंच निघालं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल यायचे, पण घरी येऊन ब्राउझरमध्ये तोच डबा उघडला की रिकामा. एका शनिवारी गोव्याच्या गिऱ्हाइकानं ड्रॉइंग पाठवलं. तो म्हणतोय पाठवलं, मी म्हणतोय नाही, आणि ते ड्रॉइंग तिकडं उद्यमबागला बंद शटरच्या आत, चुकून चालू राहिलेल्या कॉम्प्युटरमध्ये आरामात पडलेलं. मुलगा पुण्यात असतो. त्याला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला. "बाबा, तुम्ही अजून पॉपवर आहात!"

पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, 1984 चा. नावाप्रमाणंच त्याचं वागणं. पोस्टात जायचं, पेटीतली सगळी पत्रं पिशवीत घालून घरी आणायची, मागं पेटी रिकामी. घर एकच असेल तर उत्तम सोय. सर्व्हरवर प्रत ठेवायची एक खूण असते, ती आमच्याकडं कुणी केलेलीच नव्हती. मेल वाचायची दुसरी रीत म्हणजे आयमॅप, तिची तऱ्हा वेगळी. मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसानं स्टॅनफर्डला असताना 1986 मध्ये ती काढली. त्यात पत्रं पोस्टातच राहतात, आपण कुठल्याही खिडकीतून जाऊन वाचायची. एका खिडकीवर उघडलं की सगळीकडं उघडलेलं दिसतं, फोनवरून पाठवलेलं उत्तर ऑफिसातही सापडतं. म्हणजे माझं रडगाणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्यावर औषध निघालेलं होतं. मुलानं पुण्यातून माझ्या स्क्रीनवर बाण फिरवत थंडरबर्ड नावाचं मेलचं सॉफ्टवेअर लावून दिलं, आणि सोबत कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह, नावांसाठी कार्डडॅव्ह. ही दोन नावं ऐकून मला आधी खताच्या जाती वाटल्या.

कॅलेंडरचं खरंतर बरं चाललंय. फोनवर टाकलेली जीएसटीची तारीख सकाळी ऑफिसात समोर असते, नाही म्हणता येत नाही. पाडव्याला मात्र फोन एकाच चौकोनात दोन ओळी दाखवतो, वर गुढीपाडवा, खाली युगादी. आमच्या गल्लीतही तेच. आमच्या दारात गुढी, समोरच्या हिरेमठांकडं बेवू-बेल्ल म्हणजे कडुलिंब-गूळ, आणि दोन्हीकडच्या वाट्या रस्ता ओलांडून जातात. हे डुप्लिकेट मर्ज करायचं का, असं फोननं अजून तरी विचारलेलं नाही. 1 नोव्हेंबरला तो राज्योत्सवाची सुट्टी दाखवतो. त्याच दिवशी आमच्या माणसांचा काळा दिवस असतो, ते त्याला ठाऊक नाही. मीही टाकत नाही. तो दिवस ज्याच्या त्याच्या लक्षात असतो.

आईचा वाढदिवस तेवढा कशातच बसत नाही. ती तो तिथीनं करते. फोनला 'दरवर्षी' सांगितलं तर तो तारीख धरून बसतो, आणि तिथी अकरा-अकरा दिवस अलीकडं सरकत जाते ती अधिक महिना आला की एकदम उडी मारून पुढं. दर पाडव्याला नवीन पंचांग घेऊन मी हाती नोंद करतो.

घोटाळा झाला तो माझ्याच हातानं. सगळं जुळलं म्हटल्यावर मला साफसफाईची हुक्की आली. एका रविवारी कॉम्प्युटरपुढं बसून शून्यानं सुरू होणारे सगळे नंबर निवडले. शून्यवाले म्हणजे डुप्लिकेट किंवा केव्हाच कापलेले लँडलाइन, हा माझा हिशेब. एक बटण, आणि दीडशे नावं गेली. फोनातूनही गेली, वेबमेलमधूनही गेली. सिंकचं हे मला तोवर नीट कळलेलं नव्हतं. भर पडली तर जशी सगळीकडं पडते, तसं पुसलं की सगळीकडून पुसलं जातं, तितक्याच इमानानं. गूगलच्या कचरापेटीत नावं 30 दिवस थांबतात, हेही मला नंतर कळलं. साधारण चाळिसाव्या दिवशी.

त्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ऑफिसच्या आवाजात विचारलं, "कोण बोलतंय?"

"कोण म्हणून काय विचारूलास? आत्ती मी, चंदगडची!"

आत्तीचा नंबर माझ्याकडं एकाच जागी होता. शून्य लावून. शिनोळीच्या दिवसांत ठेवलेला, मग कधी बदलायची वेळच आली नाही.

मी सारवासारव केली, फोन नवा घेतला म्हणालो. तिला ते पटलं नाही, पण तिनं ते चालवून घेतलं. यात्रेचं आवतण दिलं, आईची चौकशी केली. ठेवता ठेवता म्हणाली, "नंबर नीट लिहून ठेव बाबा. आणि आधी शून्य लाव, न्हाईतर लागायचा नाही."

आता शून्य लागत नाही, हे मी तिला सांगणार होतो. फोननं विचारलं कुठं ठेवू, मी अकाउंट दाबलं, आणि शून्य लावला.