‘त्यात काय रेकॉर्ड करायचं?’ : इंदूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करताना आलेला माझा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांना त्यांचे अडकलेले पैसे मिळाले. मिल बंद पडली डिसेंबर १९९१ मध्ये, म्हणजे हिशोब करा, ३२ वर्षं. पेपरात २२४ कोटींचा आकडा होता आणि जवळपास ४८०० कामगार असं होतं, पण आमच्याकडे ही बातमी आली ती अशी की संध्याकाळी नंदानगरचे काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभे. आत येऊन आधी बाबांच्या फोटोपुढे एक पेढा ठेवला, मग सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "तुझे बाबा असते तर हिशोब बरोबर लावलाय की नाही ते सांगितलं असतं." बाबा मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, काका साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. बाबा २०११ ला गेले. आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात एकदम आलं की टाइम ऑफिसात बाबा दिवसभर नेमकं करायचे काय, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. एकदाही नाही. डबा न्यायचे, डबा आणायचे, एवढंच मला माहीत.

तर तिथून हे सुरू झालं. मी काही इतिहासाची अभ्यासक वगैरे नाही, अकाउंट्सचं काम करते, शनिवार-रविवार मोकळी असते. ठरवलं की काका, आमच्या जुन्या वाड्यातल्या आजी, आणि आणखी जे कोणी तयार होतील त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. आज दीड वर्षानंतर १४ माणसं आणि १९ तासांचं रेकॉर्डिंग झालंय. कोणाला असं काही करायचं असेल तर माझ्या चुका तरी कामी येतील म्हणून लिहून राहिले आहे (हो, ‘लिहून राहिले’, त्याबद्दल पुढे येतंच).

पहिली चूक म्हणजे मी ४२ प्रश्नांची यादी करून गेले. आजींकडे. आजी ८७ वर्षांच्या, खजुरी बाजाराजवळच्या वाड्यात लग्न होऊन आल्या त्या अजून तिथेच, वाड्याचा पुढचा भाग रस्ता रुंदीकरणात गेला तरी मागच्या दोन खोल्यांत राहतात सून-मुलाबरोबर. मी फोन समोर ठेवला, घसा साफ केला आणि टीव्हीवाल्या बाईसारखं विचारलं, "आजी, तुमच्या काळातलं इंदूर कसं होतं?" आजी म्हणाल्या, "छान होतं." मी वाट पाहिली. आजींनीही पाहिली. मग त्या म्हणाल्या, "अहिल्याबाईंची कृपा." पुढचा प्रश्न, होळकरांचं राज्य आठवतं का. "आठवतं ना. शिस्त होती." असे २५ मिनिटांत १७ प्रश्न संपले आणि घरी येऊन ऐकलं तर आजींपेक्षा मीच जास्त बोलले होते. वर "त्यात काय रेकॉर्ड करायचं गं, आम्ही काय मोठी माणसं का" हे वाक्य तीनदा.

दुसऱ्या वेळी यादी घरी ठेवली आणि एक कोरा कागद नेला. म्हटलं, आजी, मला वाड्याचा नकाशा काढून द्या, कोण कुठे राहायचं. बस. त्या कागदावर आजींनी सगळ्यात आधी काय काढलं तर नळ. चौकातला नळ. मग त्याच्याभोवती ११ बिऱ्हाडं, प्रत्येकाची चूल कुठे, कोणाच्या दारातून पाणी वाहून कोणाच्या दारात जायचं आणि त्यावरून कोण कोणाशी किती वर्षं बोलत नव्हतं. नर्मदा यायच्या आधी, म्हणजे १९७८ च्या आधी, पाणी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांच्या भरवशावर, उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून घागरी लावायच्या आणि घागर सोडून झोपायला जायचं नाही कारण घागर सरकवली जायची. नर्मदेचं पाणी जलूदहून, ७० किलोमीटरवरून वर चढवून आणलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण पहिल्यांदा त्या नळाला जोर आला तेव्हा पाणी भरून झाल्यावर नळ बंद करायचं कोणाला सुचेना, हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. "सवयच नव्हती ना बंद करायची," आजी म्हणाल्या, "आपोआपच जायचं."

तेव्हापासून माझा नियम एकच, ‘कसं होतं’ विचारायचं नाही. वस्तू समोर ठेवायची, नाहीतर नकाशा काढून घ्यायचा. जुनं रेशन कार्ड, लग्नाच्या याद्यांची वही, मिलचा पास, काहीही. माणसं वस्तूशी बोलतात, आपण मध्ये नसलो तर बरंच.

टेक्निकल भाग पटकन सांगते. कॉलर माइक घ्या, साधा चालतो, फक्त पदराला लावला की पदर सरकला की खरखर, त्यामुळे ब्लाउजच्या गळ्याजवळ लावायला सुनेला सांगायचं. पंखा बंद. मे महिन्यात इंदूरला पंखा बंद करा सांगणं म्हणजे शत्रुत्वच, म्हणून सकाळी सातला जायचं. डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा, मोनो असली तरी तासाला तीनशे एमबीच्या वर जाते पण असू द्या, एमपी३ नंतर कधीही करता येते, उलटं नाही. तीन कॉपी, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक शहराबाहेर (माझी पुण्याला भाच्याकडे आहे). आणि फोन एअरप्लेन मोडवर. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं, कारण आजी राजवाड्याच्या आगीचं सांगत होत्या, फार रंगात आल्या होत्या, आणि मला गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला, मी कट केला आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं होतं हे मला चाळीस मिनिटांनी कळलं. पुढच्या आठवड्यात परत सांगायला लावलं तर त्यांनी तेच पाच मिनिटांत गुंडाळलं, "सांगितलं ना तुला." पहिल्यांदा सांगताना हात थरथरत होते, दुसऱ्यांदा त्या मटार सोलत होत्या.

त्या आगीवरूनच एक गोष्ट शिकले. आजी म्हणाल्या, दिवाळीच्या आधीची गोष्ट, मी चकल्या तळत होते, गच्चीवर गेले तर राजवाड्याच्या मागच्या बाजूने धूर. आता राजवाडा जळला तो १९८४ च्या दंगलीत, इंदिरा गांधी गेल्यावर. त्या गेल्या ३१ ऑक्टोबरला आणि त्या वर्षी दिवाळी होती २४ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी होऊन गेलेली. मी अतिशहाणी, तिथल्या तिथे म्हटलं, आजी, दिवाळीच्या आधी नाही, नंतर. आजी गप्प. मग त्यांना सगळ्याबद्दलच शंका यायला लागली, "मग मी तळत काय होते?" आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग संपलं. रात्री मला फार वाईट वाटलं. मग कालनिर्णय पद्धतीने तिथी मोजत बसले तेव्हा लक्षात आलं की तुळशीचं लग्न त्याच आठवड्यात येतं. पुढच्या वेळी सहज विचारलं, तुमच्याकडे तुळशीच्या लग्नाला फराळ करायचे का? तर सुनेच्या आधी आजीच ओरडल्या, "हो तर! चकल्या उरायच्याच नाहीत तोवर, परत करायला लागायच्या!" कर्फ्यूमुळे त्या वर्षी लग्न दाराला कडी लावून, मंगलाष्टकं हळू आवाजात, म्हणाल्या. हे मला कुठल्या पेपरात मिळालं असतं? आता मी बोलणाऱ्याला मध्येच सुधारत नाही. चुकलंय असं वाटलं तर वहीत बाजूला लिहून ठेवते, रेकॉर्डिंग जसंच्या तसं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उतरवून काढण्याने. एक तास ऐकून टाइप करायला मला सहा-सात तास लागतात. म्हटलं फोनला करू दे. फोनला मराठी निवडलं तर तो आमच्यातली हिंदी ऐकून बावचळतो आणि हिंदी निवडली तर मराठीचं भजं करतो. ‘बिऱ्हाड’चं ‘बिहार’ झालं, ‘साळखातं’चं ‘शाळा खाते’. आजींच्या वाड्यात ११ बिहार होते असं त्या फाइलमध्ये अजून आहे, मी मुद्दाम ठेवलंय.

शेवटी हातानेच केलं, आणि तिथे दुसरा घोळ घातला. नकळत मी सगळ्यांचं मराठी ‘नीट’ करत होते. आजी म्हणाल्या "आम्ही ओटल्यावर बसून राहिलो होतो", मी लिहिलं ‘ओट्यावर बसलो होतो’. त्या म्हणाल्या "मला लागलं की हा येणार नाही", मी लिहिलं ‘मला वाटलं’. आम्हा इंदूरवाल्यांना ही सवय लहानपणापासून असते, पुण्याला सुट्टीत गेलं की मावसभावंडं हसायची, "जाऊन राहिलीस की येऊन राहिलीस?" म्हणून, त्यामुळे कागदावर आलं की आपण आपोआप पदर सावरतो. मी आजींना पहिली पानं वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे कोण बोलून राहिलंय?"

सगळं परत केलं. ८० पानं. ओटला म्हणजे ओटलाच, त्यावर अनंत चतुर्दशीला रात्रभर बसून मिलच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायच्या, संध्याकाळपासून सतरंजी टाकून जागा अडवायची, हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, एकेका मिलची झाँकी येता येता उजाडायचं, अखाड्यांची पोरं लाठ्या फिरवत पुढे. ओट्यावर नाही बसता येत हे सगळं. (मिला बंद झाल्या तरी कामगार वर्गणी काढून अजून झाँक्या काढतात, बाहेरच्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.)

परवानगीचं पण सांगायला हवं. मी सहा ओळींचा मराठी कागद केलाय, कोण ऐकू शकेल, नाव द्यायचं की नाही, कुठला भाग बंद ठेवायचा. सही घ्यायला संकोच वाटतो, घरची माणसं ना, पण घ्याच. एका आजोबांनी दोन तास मोकळेपणाने सांगितलं आणि आठवड्याने त्यांच्या मुलाचा फोन, भावाभावांच्या वाटणीचं जे बोलले ते काढून टाका. कागद होता म्हणून नीट बोलणं झालं. तो भाग मी पुसला नाही, वेगळा बंद करून ठेवला, आजोबांनाच विचारून. मुलाला ते फारसं आवडलं नाही, काय करणार.

काका सगळ्यात शेवटी तयार झाले. आणि त्यांचं रेकॉर्डिंग सगळ्यात खराब. आवाज फाटलेला. मला आधी कळेना, माइक तोच, अंतर तेच. मग लेव्हल बघितली तर काका ओरडूनच बोलतात, नेहमीच. साळखात्यात शेकडो साचे (म्हणजे माग) एकदम चालू, शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, तीस वर्षं तिथे काढली की कान जातात आणि आवाज चढतो. इतकी वर्षं आम्ही घरी म्हणायचो काकांचा स्वभाव तापट आहे.

माइकचा गेन, म्हणजे आवाज किती जोरात घ्यायचा ते, कमी करून परत बसलो. मी मिलचा जुना पास समोर ठेवला. काका बोलत होते आणि मध्येच गप्प व्हायचे, पाच सेकंद, दहा सेकंद, मग परत सुरू. घरी ऐकताना मला वाटलं गहिवरून आलं असेल. नाही. तिथे बसलेले असताना मी वहीत डोकं खुपसून होते म्हणून पाहिलंच नाही, ते हाताने दाखवत होते. आवाजात बोलता येत नाही म्हणून साळखात्यात खुणा होत्या, जॉबर (म्हणजे मुकादम) येतोय, तंबाखू आहे का, धागा तुटला, पाणी पिऊन येतो माझा साचा बघ, आज पगार. सगळं ऑडिओमध्ये शांतता.

मग तिसऱ्यांदा फक्त व्हिडिओ केला, फक्त हातांचा, खिडकीच्या उजेडात. एकेक खूण, मग तिचा अर्थ, बावीस झाल्या. जॉबरची खूण म्हणजे दोन बोटांनी मिशी पिळायची, जॉबर बिनमिशीचा असला तरी. काकू स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. काकांनी त्यांच्याकडे बघून एक खूण केली, या बावीसमधली नव्हती. काकूंनी ट्रे एका हातात धरून दुसऱ्या हाताने उलट काहीतरी खूण केली आणि दोघंही हसायला लागले.

मी विचारलं, काका, ही कुठली?

"ती मिलमधली नाही," काका ओरडले, "ती बंद कर आधी."