पळत का नाही?

"अरे, ते हरीण बघतंय की त्याच्याकडे! पळत का नाही?"

ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन म्युझियम. माझं लक्ष कॅफेकडे, आई क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रासमोरून हलेना. १६८२ सालचं, त्याचं शेवटचं चित्र.

डावीकडे पडक्या देवळाचे उंच खांब, लांबवर निळसर डोंगर, मऊ उजेड. इतका नीटनेटका देखावा खरा कुठे नसतोच म्हणा! माणसं मात्र काडीसारखी लांबुडकी. मधे पाणी. अलीकडे अस्कानियस नावाच्या तरुण शिकाऱ्याचं ताणलेलं धनुष्य, पलीकडे मान वळवलेलं हरीण.

मी रोमन कथा सांगितली. हरीण सिल्व्हिया नावाच्या मुलीचं, पाळलेलं, माणसांना सरावलेलं. अस्कानियसला ते ठाऊक नाही. या एका बाणावरून पुढे युद्ध पेटतं.

"म्हणजे इथेही हरणापायीच," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर पंचवटी आली असणार.

कॅफे राहिलाच. परतताना बसमध्ये ती मोबाईलवर फोटो बोटांनी मोठा करत होती. धनुष्य नाही, हरणाचा डोळा.

"सरावलेलं होतं म्हणून उभं राहिलं, नाही का रे?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काय सांगणार होतो?