डावं मागं पडतंय

रविवार, रात्रीचे साडेदहा

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घुमतंय. मी उकिडवा बसून आमच्या आरडी ३५० मोटारसायकलच्या डाव्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी झटत होतो, गाडी स्लोवर सोडलेली. चिनू पायरीवर खारी खात होती. तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "मामा, डावं मागं पडतंय."

मला दोन्ही सारखीच ऐकू येत होती.

आरडी ३५० ला सिलिंडर दोन, कार्ब्युरेटर दोन, पण मुठीतून एकच केबल निघते आणि टाकीखाली तिच्या तीन होतात. दोन दोन्ही कार्ब्युरेटरना, तिसरी ऑइल पंपाला. मूठ फिरली की दोन्ही स्लाइड, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणाऱ्या झडपा, एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक जरा उशिरा उठली की जोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा नुसतं जू वागवत चालतो. आमची १९८५ ची, त्यातून लो टॉर्क, म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल. हाय टॉर्कवाले ३०.५ घोडे मिरवतात, आमच्या वाट्याला २७. त्यातला अर्धा तबेला असा पाय ओढायला लागला तर राहिलं काय?

पण हे पकडायचं ते कानानं, आणि कान माझा होता. उद्यमनगरातल्या गॅरेजात मिस्त्री स्वतः सेटिंग करून मला हाक मारायचे, "या, जरा ऐका." एक प्लगची टोपी काढायची, एका सिलिंडरवर स्लो ऐकायचा, मग दुसऱ्यावर. मी नुसती मान हलवायचो. तेवढ्या मान हलवण्यावर मी वीस वर्षं ऐट केली.

टीव्हीचा स्पीकर गेलाय असं मी दिवाळीपासून म्हणतोय. ही काही बोलत नाही, रिमोट उचलून घेते. कपाटात कानाच्या तपासणीचा तो कागद आहेच. असो.

चिनूवर विश्वास ठेवला नाही, हे लिहायला हवं. "तू खारी खा," म्हणालो. मग ती आत गेल्यावर दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरले. उजव्या हाताला ठोके नीट लागत होते. डाव्याला जरा दबके. म्हणजे पोरगी बरोबर होती. तिथंच तेलकट हात घेऊन बसून राहिलो. अकरा वर्षांच्या मुलीला जे सहज ऐकू येतं, ते मला हातानं चाचपून कळतंय. कधी गेलं हे? गाडीचा प्लग जातो तेव्हा ती निदान फटफट करून सांगते तरी.

चहा झाल्यावर राग गाडीवर काढला. एअर फिल्टरचे रबर उतरवले, एका मापाचे दोन ड्रिल बिट घेतले आणि दोन्ही स्लाइडखाली एकेक सरकवला; स्लाइड उचलली की ड्रिल सुटून पडतो. आधी स्लोचे स्क्रू फिरवून दोन्हींची पकड सारखी केली. मग मूठ हळूहळू पिळली. उजव्या ड्रिलनं मान टाकली, डावा तसाच ताठ. केवढा उशीर? केसभर. चेकनट सैल केला, ॲडजस्टर अर्धा आटा. पुन्हा मूठ. परत पाव आटा. मग अति झालं आणि डावाच आधी पडला, तेव्हा हसूच आलं. वायर ताणते, सैल पडते, म्हणून तर बनवणाऱ्यानं तिथं आटे ठेवलेत. माझ्या कानाला कुणी ठेवले नाहीत, हा कंपनीचा दोष.

अकराव्या की बाराव्या खेपेला दोघांनी एकदम माना टाकल्या. या कामाला कान लागलाच नाही. केबल हलवली म्हणून ऑइल पंपाची खूणही जुळवली. नाहीतर तेल कमी पडून नवे पिस्टन आणायची वेळ यायची.

शेवटी गाडी चालू करून हँडल डावीकडे टोकाला नेलं, मग उजवीकडे. केबल कुठं ताणली गेली तर इथं रेस आपोआप वाढते. टॅकोचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा कधीच मेलाय. रेस वाढली असती तर मलाही ऐकू आलं असतं, इतकं काही गेलेलं नाही. तरी चिनूला बाहेर बोलावलं.

"वाढली का गं?"

तिनं डोळे मिटले, मान वाकडी केली. अगदी माझ्यासारखी.

"नाही. आता एकच गाडी वाटतेय."

खारी संपली होती. उद्या आणायला हवी.