प्युरिटन म्हणजे फक्त सुखाचा शत्रू?

कोणी कपड्यांवरून बोललं, सिनेमातल्या एखाद्या सीनवर नाक मुरडलं की लोक लगेच 'काय प्युरिटन आहेस रे' म्हणून मोकळे होतात. म्हणजे कडक सोवळा, दुसऱ्याने मजा केली तरी ज्याच्या पोटात दुखतं असा माणूस. पण हा शब्द जिथे जन्मला तिथलं भांडण वेगळंच होतं, म्हणून तो असा सैल वापरलेला मला खटकतो.

१५५८ ला इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली. तिच्या आधी कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात प्रोटेस्टंटांना, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिश्चनांना जिवंत जाळत होते, त्यामुळे बरेच पाद्री आणि विद्वान जिनिव्हा, झुरिक, फ्रँकफर्टकडे पळाले होते, ते आता परत आले आणि बघतात तर काय, चर्च पोपपासून तुटलंय पण पाद्र्याचा तो पांढरा झगा तसाच, बाप्तिस्म्याच्या वेळची क्रूसाची खूण तशीच. बायबलमध्ये नाही ते चर्चमध्ये कशाला, सगळं शुद्ध करा, हा त्यांचा हेका. या शुद्धीच्या नादावरूनच १५६० च्या दशकात विरोधक त्यांना प्युरिटन म्हणून हिणवायला लागले. शिवीच होती ती! ते स्वतःला 'गॉडली' म्हणजे देवाची माणसं म्हणवायचे.

नीतीची कडक बाजू होतीच, ती मी नाकारत नाही. रविवार फक्त देवाचा, खेळ नाही नाच नाही. उलट १६१८ मध्ये जेम्स राजाने प्रार्थनेनंतर खेळायला परवानगी दिली, आणि १६३३ मध्ये त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने तेच फर्मान परत काढून चर्चमध्ये वाचायला लावलं तेव्हा ज्या पाद्र्यांनी नकार दिला त्यांच्यावर कारवाई झाली. पुढे पार्लमेंटमध्ये यांचं वजन वाढलं तशी १६४२ मध्ये नाटकगृहं बंद, १६४७ मध्ये ख्रिसमस बंद, १६५० मध्ये तर व्यभिचाराला मृत्युदंडाचा कायदा. मग मधल्या यादवीत गेलेली राजेशाही १६६० मध्ये परतली, चर्चची ठरलेली प्रार्थनापद्धत मानायलाच हवी अशा १६६२ च्या कायद्यानंतर दोनेक हजार पाद्र्यांना चर्च सोडावं लागलं, आणि जिंकलेल्यांनी रंगवलेलं आंबट तोंडाच्या ढोंग्याचं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पण ही माणसं बिअर प्यायची, रंगीत कपडे घालायची. नवरा-बायकोतलं शरीरसुख त्यांना पाप वाटत नव्हतं, देवाची देणगीच वाटायची. जाचाला कंटाळून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत गेलेल्यांनी लग्न हा दिवाणी करार मानला, त्यामुळे तिथे घटस्फोटही मिळू शकायचा! १६३६ मध्ये हार्वर्ड काढलं, १६४७ मध्ये कायदा केला की ५० कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचाच, कारण प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता आलं पाहिजे. याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

माझा राग आहे तो वेगळ्या गोष्टीवर. स्वतःपुरतं कितीही कडक वागा, या मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी ते दुसऱ्यावर कायद्याने लादलं, तेही स्वतः जाच सोसून देश सोडल्यावर. धर्माच्या बाबतीत सरकारने जबरदस्ती करू नये म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला हाकललं, घरी सभा घेऊन धर्मावर बोलणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनला हाकललं. १६५९ मध्ये ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो १६८१ पर्यंत टिकला. आणि क्वेकर लोकांना, म्हणजे पाद्री न मानणाऱ्या, देव प्रत्येकाच्या आत बोलतो म्हणणाऱ्या ख्रिश्चन पंथाला तर हद्दपारीनंतर परत आलात तर फाशी असा कायदाच केला. मेरी डायर नावाची क्वेकर बाई परत आली, फासापाशी नेऊन तिला एकदा सोडलं, ती पुन्हा आली, १६६० मध्ये बोस्टनमध्ये तिला फाशी दिली. एकूण चार क्वेकर असे मारले, आणि हे थांबवायला शेवटी १६६१ मध्ये इंग्लंडहून दुसऱ्या चार्ल्स राजाचा हुकूम यावा लागला, म्हणजे ज्या राजघराण्याच्या चर्चच्या जाचातून हे पळाले त्याच घराण्यातल्या माणसाचा.