परत पाठवलेली गाडी

पुलाच्या पिअर कॅपचं, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या तुळईसारख्या भागाचं काँक्रीट होतं त्याच दिवशी शाळेतली पंचवीसएक मुलं साइट बघायला आली. डोक्यावर हेल्मेट, अंगात केशरी जॅकेट आणि डोळ्यांत 'आता नक्की काय बघायचं?' असा भाव. मी सिव्हिल इंजिनिअरिंगबद्दल दोन शब्द बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण तेवढ्यात तिसरा ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारी फिरत्या ड्रमची गाडी आली आणि ते राहूनच गेलं.

प्रत्येक गाडीचा स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे, ते आम्ही बघतोच. ३०० मिमी उंचीच्या लोखंडी शंकूत थराथराने काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईने २५ वेळा ठोसायचं, मग शंकू सरळ वर उचलायचा. काँक्रीट किती खाली बसतं ते मोजायचं. आम्हाला हवं होतं १२० च्या आसपास. शंकू उचलला आणि ढीग पसरलाच. १९० मिमी! वाटेत खोळंबा झाला, माल घट्ट होऊ लागला, म्हणून ड्रायव्हरने पाणी घातलं होतं.

मी गाडी परत पाठवली.

मुलं गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, थोडं पाणी जास्त झालं तर कुणाला कळलं असतं?"

मी तिला शटरिंगपाशी, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यापाशी नेलं, आतल्या सळया दाखवल्या. सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी पुढे उडून जातं, मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यांतून ओल सळईपर्यंत पोचते, गंज धरतो, आणि गंज फुगला की वरचं काँक्रीट तडकतं. कळतं ते वर्षानुवर्षांनी, आणि तेव्हा पुलावरून माणसं जात असतात. या क्षेत्रात ऊन आणि धूळ आहे, हे मी मुलांपासून लपवत नाही. पण असा 'का' विचारणारी मुलं इथे हवीत, अगदी मनापासून हवीत. हेही मी त्यांना सांगितलं.

पुढच्या गाडीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, मुलांनीच भरले. १५० मिमीचे साचे. ओल्या पृष्ठभागावर खिळ्याने तारीख त्या मुलीने कोरली.

२८ दिवसांनी ती वडिलांना घेऊन लॅबमध्ये हजर! मशीनचा काटा चढत गेला, १०८० किलोन्यूटनला क्यूब फुटला. तिने वहीत त्याचे न्यूटन केले आणि क्यूबच्या एका बाजूच्या क्षेत्रफळाने, २२,५०० चौरस मिमीने भाग दिला. "अठ्ठेचाळीस. आपल्याला चाळीस हवं होतं ना?" आणि लगेच पुढचा प्रश्न: "त्या परत गेलेल्या गाडीचा क्यूब का नाही भरला?"

खरंच, का नाही भरला? मला सुचलंच नव्हतं.

आता मुलं येणार असली की आम्ही महिनाभर आधी दोन क्यूब भरून ठेवतो, एक नेमक्या मिश्रणाचा आणि एक मुद्दाम पाणी वाढवलेला. दोन्ही त्यांच्यासमोर फोडतो. काट्यापाशी त्यांनाच उभं करतो.