18 उभा, 19 आणि 13-15

रविवार, रात्री उशिरा

आज ताईशी फोनवर परत तोच वाद, इंग्रजी शब्दकोडं थीमवालं चांगलं की बिनथीमचं. तिला साधं क्रिप्टिक क्रॉसवर्ड आवडतं, म्हणजे ज्यात क्लू सरळ अर्थ सांगत नाही, शब्दाची फोड करून उत्तर काढायचं, आणि प्रत्येक क्लू आपला आपला, सुटला की पुढचा. थीमवालं कोडं, ज्यात बरीच उत्तरं एकाच विषयातली असतात, ते म्हणजे ज्याला तो विषय माहितीये त्याला आयतं मिळतं असं तिचं म्हणणं, आणि ते थोडं खरंय, लंडनच्या ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची स्टेशनं थीम असली तर तिकडे वाढलेल्या माणसाला अर्धं ग्रिड फुकटच. पण चांगला सेटर, म्हणजे कोडं रचणारा, असला ना, तर थीमचे शब्दसुद्धा नुसत्या फोडीवरून निघतात, विषय ठाऊक नसला तरी, आणि असे पाच-सहा शब्द भरून झाले की एकदम दिसतं, अरे, ही सगळी एकाच घरची माणसं आहेत! त्या क्षणासाठी मी हे सगळं करते, दुसरं कशासाठी नाही.

मला सगळ्यात आवडते ती लपवलेली थीम, घोस्ट थीम म्हणतात ती. क्लूंमध्ये तिचा उल्लेखच नसतो, ती न दिसताही कोडं पूर्ण सुटतं, म्हणजे ताईची तक्रार तिथे लागूच होत नाही. आणि ग्रिडमध्ये अक्षरांतून लपवलेला निरोप असला की त्याला नीना म्हणतात. अल हर्शफेल्ड नावाचे अमेरिकन व्यंगचित्रकार होते, 1945 मध्ये मुलगी झाल्यापासून ते चित्रातल्या केसांत, कपड्यांच्या चुण्यांत तिचं नाव लपवायचे, नीना, तिथून हा शब्द आला. आपल्याकडे मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, ज्यात ओठ जुळवून म्हणायचं प-फ-ब-भ-म यातलं एकही अक्षर नाही. कुणी सांगितलं नाही तर वाचणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, तरी त्यांनी ते केलंच. मला ही दोन्ही माणसं एकाच जातकुळीची वाटतात.

त्यामुळे ग्रिड भरलं तरी मी लगेच बंद करत नाही. आधी कडेची अक्षरं गोल फिरून वाचायची, मग ज्या ओळीत आडवा शब्दच नाही, फक्त उभ्या शब्दांची एकाआड एक सुटी अक्षरं आलीयेत, ती ओळ बघायची, मग तिरकस. आणि जिथे सोपा शब्द आरामात बसला असता तिथे सेटरने भलताच अवघड शब्द घातला असेल तर तो उगाच घातलेला नसतो, काहीतरी जुळवायला लागलंय म्हणून आलाय. तारीख पण बघायची, कुणाची तरी शंभरी वगैरे असते.

हे सेटर टोपणनावाने कोडी रचतात, आणि त्या नावांतही धागे असतात. ऑब्झर्व्हर या ब्रिटिश पेपरमध्ये 1926 पासून टॉर्केमाडा, त्यांच्यानंतर झिमेनीज, 1972 पासून अ‍ॅझेड. पहिली दोन नावं स्पॅनिश इन्क्विझिशनच्या, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या चर्चच्या न्यायालयाच्या प्रमुखांची, कबुलीसाठी लोकांचा छळ करणाऱ्यांची, हे लगेच कळतं, पण अ‍ॅझेड कोण? इंग्रजीत लिहून उलटं वाचायचं, डेझा, तोही तिथलाच इन्क्विझिटर. शिवाय ए टू झेड पण झालंच. हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले होते.

पण ताईला मी आज सांगत बसले ते अरॉकेरियांबद्दल. खरं नाव जॉन ग्रॅहम, इंग्लंडमधले पाद्री, 1958 पासून तिथल्या गार्डियन या पेपरसाठी कोडी रचायचे. अरॉकेरिया हे झाडाचं नाव, त्याच झाडाला इंग्रजीत मंकी पझल म्हणतात. फायनान्शियल टाइम्स या दुसऱ्या पेपरमध्ये ते सिनेफाइल नावाने यायचे, आणि त्याच झाडाचं तिसरं नाव आहे चिली पाइन, त्याची नऊ इंग्रजी अक्षरं हलवली की बरोब्बर सिनेफाइल होतं. म्हणजे नाव बदललं तरी झाड तेच!

जानेवारी 2013 मध्ये गार्डियनमध्ये त्यांचं एक कोडं आलं. वर सूचनेची ओळ असते तिथे लिहिलं होतं की अरॉकेरियाला 19 चा 18 उभा झालाय आणि त्यावर 13-15 हा उपचार चालू आहे. बस. सोडवत गेलं की 18 निघतो कॅन्सर, 19 अन्ननलिका, 13-15 पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करायला नाही, त्रास कमी करायला दिलेले उपचार. वय 91.

हेच कुणी बातमी म्हणून छापलं असतं तर वाचून वाईट वाटलं असतं आणि पान उलटलं असतं. इथे सोडवणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने एकेक अक्षर भरत शोधायला लागलं, आणि आधी मजेत, कारण क्लू नेहमीसारखेच, फोड तितकीच चोख, आपण दुःखी आहोत म्हणून कुठे सवलत घेतलेली नाही की कुठे ओढूनताणून बसवलेलं नाही. आणि मग त्या वरच्या ओळीत आकड्यांच्या जागी शब्द बसतात. पन्नासहून जास्त वर्षं ज्यांच्याशी फक्त चौकोनांमधून बोलणं झालं त्या अनोळखी लोकांना हे सांगायला त्यांना हीच जागा योग्य वाटली, आणि मला तर वाटतं याहून मोठा विश्वास कुठला लेखक वाचकावर टाकत असेल. लोकांची खूप पत्रं आली त्यांना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले, त्याआधी पुढची कोडी रचणं चालूच होतं.

ताई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, पण हे तर तू मला सगळं सांगूनच टाकलंस, आता मी काय सोडवू? मी म्हटलं बाकीचे क्लू आहेत की, ते तर तसेच आहेत, आणि त्यांचं जुनं दुसरं एखादं घे, गार्डियनच्या साइटवर फुकट मिळतात. एक निवडून पाठवलंय तिला. थीम काय ते अजिबात सांगितलेलं नाही, आहे की नाही तेही नाही.